‘देशाचे दुश्मन’ ते ‘ड्रिफ्टिंग कमिटी’ : टिंगल, सत्ता आणि बाबासाहेब

मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारच्या एका स्टुडिओत कुणाल कामराने म्हटलेल्या विडंबनगीताची चित्रफीत बाहेर आली. गाणे उपमुख्यमंत्र्यांवर होते. त्याच रात्री शिवसैनिकांनी तो स्टुडिओ फोडला आणि दुसऱ्या दिवशी महापालिकेचे पथक हातोडे घेऊन तिथेच पोचले. गाणे म्हणणारा तिथे नव्हताच. नंतर कामराने हातात संविधान धरलेला स्वतःचा फोटो टाकला आणि आपल्या पोरांनी तो भराभर पुढे पाठवला. योग्यच केले.

पण त्याच ग्रुपांवर अधूनमधून दुसरीही पोस्ट येते. कुठल्यातरी मीममध्ये आपल्या एखाद्या नेत्याची, आपल्या पक्षाची टिंगल असते आणि खाली प्रतिक्रिया सुरू होतात. पत्ता काढा, माफी मागायला लावा, तोंडाला काळे फासा. पहिल्या पोस्टखाली कलम १९ लिहिणारा आणि दुसऱ्या पोस्टखाली पत्ता मागणारा मुलगा कित्येकदा एकच असतो. त्याला दुटप्पी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. सवर्ण पुरोगामी मंडळी तेच करतात. मला ते मान्य नाही, कारण त्या मुलाच्या रागाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे. मात्र त्याच दीडशे वर्षांत बाबासाहेबांनी काय केले, हे त्या मुलाला कोणी नीट सांगितलेले नाही. बाबासाहेब या प्रश्नाच्या तिन्ही बाजूंना उभे राहिले होते. टिंगल करणाऱ्यांचे वकील म्हणून उभे राहिले, टिंगल सोसणारा अस्पृश्यांचा पुढारी म्हणून उभे राहिले आणि शेवटी सत्तेतला मंत्री म्हणूनही उभे राहिले. म्हणून हा जुना इतिहास काढावा लागतो.

सुरुवात पुण्यातून. १८५५ साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले. एका गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून जोशी तिच्याकडून आणि तिच्या नवऱ्याकडून कसे उकळतो, एवढीच त्याची गोष्ट. पण नाटकात विदूषक आहे आणि तो सारखा मध्ये तोंड घालून जोशाची लबाडी प्रेक्षकांना उघडी करून दाखवतो. संस्कृत नाटकात विदूषक हा स्वतःच ब्राह्मण असतो आणि राजाचा मित्र असतो. जोतीरावांनी त्याला उचलून शूद्राच्या बाजूला बसवला. हे नाटक त्यांनी दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे त्यांनी पुढे ‘गुलामगिरी’त नमूद करून ठेवले आहे. नाटक परत आले. ते छापून लोकांसमोर आले १९७९ साली. म्हणजे खटला नाही, बंदी नाही, मोर्चा नाही, आणि तरीही एक नाटक सव्वाशे वर्षे अंधारात राहिले. टिंगलीवरची सत्तेची पहिली प्रतिक्रिया बहुधा अशीच असते : काही ऐकूच आले नाही असे दाखवायचे. छापखाना, बक्षीस, शाळाखाते, सगळे आपल्याच हातात असेल तर दगड मारायची गरजच पडत नाही.

उलट दिशेची टिंगल मात्र खुशाल छापली जात होती. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जोतीरावांच्या पुस्तकांची आणि सत्यशोधक समाजाची यथेच्छ खिल्ली उडवली. मुद्द्यांना उत्तर देण्यापेक्षा जोतीरावांचे व्याकरण, त्यांची भाषा, त्यांचा ‘अडाणीपणा’ यांवर त्यांचा भर होता. ज्याच्या बापजाद्यांना अक्षर शिकू दिले नाही, त्याच्या ऱ्हस्वदीर्घावर हसायचे! आजही आपल्या पोरांच्या पोस्टवर मुद्दा सोडून शुद्धलेखन काढणारे भेटतात. त्यांचे मूळ पुरुष हे.

आणि याच मंडळींवर अब्रुनुकसानीचा खटला झाला तेव्हा सत्यशोधक कसे वागले, हेही पाहून घ्या. १८८२ साली कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्याविषयी छापलेल्या मजकुरावरून टिळक आणि आगरकर यांच्यावर फिर्याद झाली. त्या वेळी दहा हजारांचा जामीन दिला तो रामशेठ उरवणे या सत्यशोधकाने, जोतीरावांच्या सांगण्यावरून. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून दोघे सुटले तेव्हा त्यांच्या स्वागतालाही सत्यशोधक मंडळी हजर होती. चिपळूणकरांनी जी चाबूकफोड केली ती जोतीराव विसरले असतील असे मला वाटत नाही. पण कारभाऱ्याविरुद्ध, संस्थानाच्या सत्तेविरुद्ध लिहिणाऱ्याला तुरुंगात टाकले जात होते, आणि ती बाब त्यांना स्वतःच्या अपमानाहून मोठी वाटली. टिळकांच्या चरित्रांत हा जामीन एका ओळीत उरकतात.

टिळकांच्या गोटालाही विडंबनाची ताकद चांगली ठाऊक होती. ‘केसरी’तले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे हिंदुस्थान, नेमस्त म्हणजे युधिष्ठिर आणि जहाल म्हणजे भीम, हे प्रेक्षकाला कोणी सांगावे लागत नव्हते. १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. ज्या कायद्याच्या जोरावर अशी बंदी घालता येई तो १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा. त्याचीही जन्मकथा टिंगलीचीच आहे. प्रिन्स ऑफ वेल्सला घरच्या जनानखान्यात नेऊन ओवाळणाऱ्या कलकत्त्याच्या एका प्रतिष्ठित वकिलावर तिथल्या नाटकवाल्यांनी प्रहसन केले, पोलीस अधिकाऱ्यांवर दुसरे केले, आणि सरकारने आधी वटहुकूम काढून मग कायदाच करून टाकला. पुण्याच्या राष्ट्रीय मंडळींनी या कायद्याला शिव्या दिल्या, त्या रास्तच होत्या. सत्तेची थट्टा हा प्रजेचा हक्क आहे असेच त्यांचे म्हणणे होते. हा हक्क पुढे त्यांच्याच पेठांत दुसऱ्याने वापरला तेव्हा काय झाले ते आता बघू.

सत्यशोधकांनी तमाशाचा सांगाडा घेऊन जलसा उभा केला होता. गण, गवळण, बतावणी, वग, सगळे तेच. आतला मजकूर मात्र भटजी-शेटजींची पोलखोल करणारा. गावच्या जत्रेत, चावडीपुढे, ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही कुळकर्ण्याची लबाडी हसतहसत समजायची. १९१९ ते १९२१ या काळात सातारा जिल्ह्यात कुळांनी ब्राह्मण जमीनदारांविरुद्ध आणि भटजींविरुद्ध डोके वर काढले, त्याच्या मागे या जलशांनी केलेली नांगरट होती. हीच हवा पुण्यात आली ती मेळ्यांतून. गणेशोत्सवात ब्राह्मणी मेळे राष्ट्रीय पदे म्हणत आणि जाताजाता ब्राह्मणेतरांना टोमणे मारत. त्यांना उत्तर म्हणून केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी छत्रपती मेळा काढला. शुक्रवार पेठेतला जेधे मॅन्शन हा त्यांचा अड्डा. मेळ्याची पोरे ब्राह्मणी पेठांतून टिळकपंथीयांवर थेट पदे म्हणत जात. टोमणे मारणाऱ्यांनाच आता भर रस्त्यात टोमणे ऐकावे लागत होते.

१९२५ साली पुणे म्युनिसिपालिटीत महात्मा फुल्यांच्या पुतळ्याचा प्रश्न निघाला आणि सगळे उकळून वर आले. टिळकांचा पुतळा चालतो, फुल्यांचा चालत नाही. पुतळ्याला विरोध करताना जोतीरावांवर चिखलफेक झाली. त्या संतापात जवळकरांनी ‘देशाचे दुश्मन’ लिहिले. दुश्मन कोण, तर चिपळूणकर आणि टिळक. प्रकाशक जेधे, प्रस्तावना केशवराव बागडे यांची, मुद्रक रामचंद्र लाड.

स्पष्ट सांगतो, हे पुस्तक आज वाचताना अवघडल्यासारखे होते. मेळ्याच्या पदांत जी मिश्किली होती ती इथे फार थोडी. उपहास आहे, पण तो पानागणिक शिवीकडे घसरतो. जवळकर तेव्हा तिशीच्या आतले होते, लेखणी तलवारीसारखी चालवत होते, आणि तलवारीला विनोद कळत नाही. पण ही तक्रार मी १०० वर्षांनी, निवांत बसून करतो आहे. ‘निबंधमाले’ची भाषा सोज्वळ होती काय? ती संस्कृतप्रचुर होती, म्हणून तिला शैली म्हटले. जवळकरांची भाषा पेठेतल्या कुस्तीच्या आखाड्यातली, म्हणून तिला बदनामी म्हटले.

पुण्यातल्या ब्राह्मणी मंडळींनी चौघांना कोर्टात खेचले. ‘कीचकवधा’वरच्या बंदीला जुलूम म्हणणाऱ्यांच्या वारसांनी त्याच इंग्रजाच्या कोर्टात, त्याच इंग्रजाच्या दंडविधानाखाली धाव घेतली. खालच्या कोर्टाने चौघांना दोषी धरून तुरुंगवासाची शिक्षा दिली. मग अपिलात त्यांच्या बाजूने बॅरिस्टर भीमराव आंबेडकर उभे राहिले.

बाबासाहेबांचे तेव्हाचे वय पस्तीस. वकिली सुरू करून तीनच वर्षे झालेली. अस्पृश्य बॅरिस्टरला सॉलिसिटर काम देत नसत. पुण्यात हा खटला म्हणजे साप-मुंगसाची लढाई पाहायला जमावे तशी गर्दी खेचणारा. समोर फिर्यादीच्या बाजूने ल. ब. भोपटकर, पुण्यातले नावाजलेले वकील. (हेच भोपटकर पुढे हिंदुमहासभेचे पुढारी झाले आणि गांधीखून खटल्यात सावरकरांचे वकील होते.) प्रश्न मृत माणसांच्या बदनामीचा होता. तेव्हाच्या दंडविधानाच्या ४९९ कलमात मृताच्या बदनामीलाही जागा होती, पण तिथे अट होती. त्या मजकुराने मृताच्या कुटुंबीयांच्या वा निकटच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा हेतू असायला हवा होता. ही अट आपल्या तरुणांनी नीट वाचावी. कोणा जातीच्या, कोणा पक्षाच्या, कोणा शहराच्या भावना, असे तिथे लिहिलेले नव्हते. टिळकांचा एक अनुयायी उठला आणि माझे दैवत दुखावले म्हणाला, एवढ्याने गुन्हा होत नव्हता. ऑक्टोबर १९२६ मध्ये अपिलाचा निकाल लागला आणि चौघेही सुटले.

आपल्या सभांत हा खटला सांगतात तो ‘बाबासाहेबांनी भोपटकरांना हरवले’ इथपर्यंत. टाळ्या पडतात आणि गोष्ट संपते. मला तिचा पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

१९२७ साली महाडचा सत्याग्रह ठरला. जेधे-जवळकरांनी पाठिंबा देऊ केला, पण दोन अटी घातल्या. एक, सत्याग्रह अहिंसक असावा. दोन, त्यात एकाही ब्राह्मणाला घेऊ नये. बाबासाहेबांनी पहिली मान्य केली आणि दुसरी साफ नाकारली. आपले भांडण ब्राह्मण्याशी आहे, जन्माने ब्राह्मण असलेल्या प्रत्येकाशी नाही, ही त्यांची भूमिका होती. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर सहस्रबुद्धे यांनी, आणि ते ब्राह्मण होते. म्हणजे ज्यांना वर्षापूर्वी तुरुंगातून सोडवले, त्यांच्याच म्हणण्याला बाबासाहेबांनी वर्षाच्या आत उघड विरोध केला. जवळकरांना लिहिण्याचा हक्क होता म्हणून ते कोर्टात लढले. जवळकरांचे सगळे पटत होते म्हणून नव्हे. आपल्याकडे या दोन गोष्टींची सतत गल्लत होते. एखाद्या शाहिराला, नकलाकाराला अटक झाली की आधी आपण विचारतो, तो आपल्या बाजूचा आहे का, २०१४ साली कुठे होता, आरक्षणावर काय बोलला होता. हे जरूर विचारावे, पण जामीन झाल्यावर. रामशेठ उरवण्यांनी आधी जामीन भरला होता.

जाताजाता एक गोष्ट. ज्या टिळकांच्या अब्रूसाठी पुणे कोर्टात गेले, त्यांचा मुलगा श्रीधरपंत हा याच काळात ‘केसरी’च्या विश्वस्तांशी भांडत होता. बाबासाहेबांच्या समाज समता संघाशी त्याने नाते जोडले होते आणि गायकवाड वाड्यात समतेचा कार्यक्रम केला होता. मे १९२८ मध्ये त्याने आत्महत्या केली. त्याच्या भावनांसाठी पुण्यात कोणी फिर्याद केली नाही.

मग आपले स्वतःचे जलसे आले. भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला आणि सत्यशोधकांनी जे भटजीचे केले होते, ते कर्डकांच्या मंडळींनी काँग्रेसच्या हरिजनसेवेचे केले. देवळाच्या दाराशी नेऊन परत पाठवणारा पुढारी, हरिजन म्हणून गोंजारणारा आणि पाण्याला शिवू न देणारा सभ्य गृहस्थ, असली सोंगे चाळीत, मिलच्या मैदानात, गावच्या महारवाड्यात निघू लागली. स्वातंत्र्याच्या सुमारास अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गव्हाणकर यांच्या लालबावटा कलापथकावर मुंबईच्या काँग्रेस सरकारने बंदी आणली. गोऱ्याचे राज्य जाऊन खादीचे आले, पण ढोलकीची भीती तीच राहिली. जलसे आणि कलापथके यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून इथे थांबतो.

आता दुसरी बाजू. बाबासाहेबांची स्वतःची टिंगल.

उन्नामती स्याम सुंदर या संशोधकाने १९३२ ते १९४८ या काळातल्या इंग्रजी वृत्तपत्रांतून बाबासाहेबांवरची शंभराहून अधिक व्यंगचित्रे शोधून २०१९ साली पुस्तकरूपाने मांडली. ती एकामागून एक पाहिली की हात थरथरतो. नेहरू, गांधी, जिना मोठे काढायचे आणि आंबेडकर ठेंगणा. कधी हट्टी पोर, कधी बाई, कधी कोणाच्या तरी पायाशी. नावाजलेल्या व्यंगचित्रकारांचे हे काम. ज्या माणसाजवळ तेव्हा ना छापखाने होते ना पैसा, त्याच्यावर देशातले सगळे मोठे छापखाने हसत होते. याला सत्तेवरचे व्यंग म्हणता येणार नाही. हे सत्तेने केलेले व्यंग होते. चिपळूणकरांची परंपरा, फक्त इंग्रजीत.

बाबासाहेब याला काय उत्तर देत? त्यांनी पत्रे काढली. ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’. त्यांत स्वतःही सणसणीत लिहिले. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात रानड्यांवर भाषण केले, त्यात गांधी-जिनांना सोलून काढले, वर्तमानपत्रे तुटून पडली, तर भाषण छापताना प्रस्तावनेत त्या वर्तमानपत्रांचीच हजामत केली. शब्दाला शब्द.

आणि मग तो प्रसंग, ज्याच्यासाठी मी हा एवढा लेख लिहिला.

१९४९ साल. बाबासाहेब कायदामंत्री होते, मसुदा समितीचे अध्यक्ष होते. आता ते सत्तेत होते. घटनेला उशीर होतो आहे अशी ओरड चालू होती. २८ ऑगस्ट १९४९ च्या ‘शंकर्स वीकली’त शंकर यांचे ते चित्र आले : घटना नावाच्या गोगलगायीवर चाबूक घेऊन बसलेले बाबासाहेब आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू. घटना समितीतही हाच टोमणा चालू होता. नझिरुद्दीन अहमद या सभासदाने ‘ड्राफ्टिंग कमिटी’ला ‘ड्रिफ्टिंग कमिटी’ असे नाव ठेवले. म्हणजे दिशा नसलेली, पाण्यावर नुसती वाहत जाणारी समिती.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतल्या समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी या टोमण्याला उत्तर दिले. तेच भाषण, ज्यातला राजकारणातल्या भक्तीविषयीचा आणि विसंगतीच्या जीवनाचा भाग आपण फलकांवर लिहितो. त्याच्या सुरुवातीलाच हा मजकूर आहे आणि तो क्वचितच कोणी वाचून दाखवतो. आधी त्यांनी हिशेब मांडला. अमेरिकेला चार महिने लागले, कॅनडाला दोन वर्षे पाच महिने, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षे, दक्षिण आफ्रिकेला एक वर्ष. मग सांगितले की अमेरिकेच्या घटनेत सात कलमे आहेत, आपल्या घटनेत ३९५. त्यांच्यापुढे दुरुस्त्यांचा प्रश्न नव्हता, आपल्या सभागृहाने २,४७३ दुरुस्त्या हाताळल्या. शंकरांच्या गोगलगायीला याहून चोख उत्तर नाही, आणि त्यात रागाचा एक शब्द नाही.

हिशेब झाल्यावर ते अहमद यांच्या कोटीकडे वळले, आणि इथे बाबासाहेब खुलले आहेत. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा : अधिक चांगल्या गोष्टीच्या शोधात फिरणे म्हणजे भरकटणे नव्हे. आम्ही मासा मिळण्याची आशा नसताना गळ टाकून बसलो नव्हतो, ओळखीच्या पाण्यात हवा तो मासा शोधत होतो. अहमद यांनी प्रशंसा म्हणून हे नाव ठेवले नसेल, पण मी ते प्रशंसा म्हणूनच घेतो. सभागृहात, हजर असलेल्या प्रत्येकासमोर, देशाच्या कायदामंत्र्याने आपल्याला ठेवलेले टोपणनाव उचलले आणि पदकासारखे छातीवर लावून घेतले. आयुष्यभर अपमान सोसलेला माणूस हे करतो आहे, हे ध्यानात घ्या. नेहरूंनी शंकरना मलाही सोडू नकोस असे सांगितले होते, याचे कौतुक सगळीकडे वाचायला मिळते. जन्मतः पंडित असलेल्याला हसून घेणे स्वस्त पडते. बाबासाहेबांना ते किती महाग होते!

याच्या उजेडात २०१२ कडे बघा. शंकरांचे तेच चित्र एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात २००६ पासून होते. मे २०१२ मध्ये संसदेत गदारोळ झाला, सरकारने माफी मागून पुस्तक मागे घेतले. सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी सल्लागारपदाचे राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. करणारे आपले कार्यकर्ते होते.

त्यांच्या रागाला आधार नव्हता असे मी म्हणणार नाही. चित्रात चाबूक आहे. वर्गात तीस-चाळीस सवर्ण मुले आणि कोपऱ्यात दोन आपली, असे चित्र डोळ्यांपुढे आणा. नेहरूंच्या हातातला चाबूक त्या दोन मुलांना गोगलगायीवर पडताना दिसत नाही. शंकरना जे अभिप्रेत होते ते होते, पण या देशात चाबूक कोणाच्या पाठीवर पडत आला हे वाचणाऱ्याच्या आठवणीत असते. पुस्तक करणाऱ्या विद्वानांच्या मंडळात ही आठवण असलेला कोणी हवा होता, हा आक्षेप मला तेव्हाही योग्य वाटला होता, आजही वाटतो. आणि जातीवरून शिवी देणे ही टिंगल नव्हे. तिथे ॲट्रॉसिटीचा कायदा आहे, तो वापरलाच पाहिजे.

पण पळशीकरांची खोली फोडून काय मिळाले? संसदेत त्या दिवसांत सगळ्या पक्षांचे खासदार अचानक बाबासाहेबांचे भक्त झाले. ज्यांनी कधी खैरलांजीवर तोंड उघडले नव्हते, तेही. आणि मागणी काय झाली? राजकारण्यांची टिंगल करणारी सगळीच व्यंगचित्रे पुस्तकांतून काढा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिने बाबासाहेबांच्या चित्रासोबत पुढाऱ्यांवरची, नोकरशाहीवरची इतर अनेक चित्रेही हटवायची शिफारस केली. दुखावलो आपण होतो, आपल्या दुखावण्याची ढाल करून सत्तेने आपल्यावरचे हसू पुसून घेतले. समितीतल्या एकाच सभासदाने भिन्न मत नोंदवले : एम. एस. एस. पांडियन. द्रविड चळवळीचा अभ्यासक, ब्राह्मणेतर विचाराचा माणूस.

आणखी एक आठवण करून देतो, कारण आजच्या विशीतल्या मुलांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. १९८७ साली महाराष्ट्र सरकारने ‘रिडल्स इन हिंदुइझम’ प्रकाशित केले. राम-कृष्णावरच्या परिशिष्टाने हिंदूंच्या भावना दुखावल्या, ते काढा, म्हणून शिवसेना रस्त्यावर आली. सरकार डळमळले. फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईत दलितांचा लाखोंचा मोर्चा निघाला, हुतात्मा चौक निळा झाला. शेवटी परिशिष्ट राहिले, खाली सरकारची सहमती नसल्याची टीप आली. त्या दिवशी आपली मागणी एकच होती : पान काढायचे नाही. २०१२ साली आपली मागणी झाली : पान काढा. १९८८ च्या मोर्चात चाललेली माणसे अजून आपल्या वस्त्यांत आहेत. या दोन घोषणांच्या मधल्या २४ वर्षांत आपले काय झाले, हे त्यांना विचारायला हवे. मी काहींना विचारले. एका वडीलधाऱ्यांनी एवढेच सांगितले की, तेव्हा आम्ही पुस्तक वाचून मोर्चाला गेलो होतो.

येत्या २६ नोव्हेंबरला वस्तीत संविधान दिनाचा कार्यक्रम होईल. उद्देशिका वाचली जाईलच. त्यानंतर पाच मिनिटे काढून बाबासाहेबांच्या २५ नोव्हेंबरच्या भाषणातला ‘ड्रिफ्टिंग कमिटी’चा परिच्छेद कोणीतरी मोठ्याने वाचावा, आणि शेजारी ते गोगलगायीचे चित्र लावावे. लहान मुले चित्राकडे बोट दाखवून हसतील, काही मोठ्यांना राग येईल. त्यावर तिथेच, सतरंजीवर बसून, बोलता येईल.